मुरुडशेंग दाबता येत नाही

रजिस्टरात सात रकाने होते :
स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, भाग, रोग,
मात्रा, कृती, शेरा.
नागपूरहून निघताना सरांनी लाल शाईनं आखून दिलेले.
रामटेकपर्यंत ते मांडीवर होतं,
देवलापारच्या पुढं डोक्यावर,
कारण ऊन.

फगनीबाई वाडीवे अंगणात मोहफुलं पसरत होत्या.
त्यांनी रजिस्टर पाहिलं, मग माझ्या चपला.
"ह्या चपलांनी कुड्यापर्यंत जाशीन?"
गेलो.

झाडासमोर पोचल्यावर पेन उघडून विचारलं, नाव?
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
साल काढायच्या आधी नाव घ्यायचं नसतं.
झाड ऐकते,
नि ऐकलं का साल आवळून धरते.
पहिला रकाना तिथंच कोरा राहिला.

पायवाटेच्या उलट बाजूनं,
चार बोटं रुंद, एक वीत लांब.
दूध आलं.
त्या जागी त्यांनी ओंजळभर शेणमाती लिंपली :
"आपलं पोट बांधाचं न् याचं उघडं टाकाचं,
हा कोणता न्याव?"
हे 'कृती'त लिहू की 'शेऱ्या'त,
तेवढ्यात त्या पुढं निघून गेल्या होत्या.

मात्रा?
"मोठ्याले नखाएवढी.
लेकराले नखातल्या चंद्राएवढी."
कुणाचं नख?
"ज्याचं पोट, त्याचं."

वाळकी मुरुडशेंग त्यांनी तळहातावर ठेवली,
दोरासारखी पिळलेली.
"पोटात असंच होते न? मंग.
पीळ ज्याले मालूम, तेच पीळ सोडवते.
सहाणेवर दोन वेढे. तिसरा नाही."
वावडिंग विचारली, तर हात फाटकाकडं गेला,
लोखंडी, हिरवं, कुलूपबंद.
"तिकडं होती.
आता ते रान वाघाच्या पोटासाठी."

रात्री चौथा रकाना माझ्याच पोटात उतरला.
विजेरी, टमरेल, बांधापलीकडचं पळसाचं झुडूप,
परत खाट, परत झुडूप.
मोजणं सोडून दिलं.
कधीतरी फगनीबाई उठल्या,
चुलीतला निखारा फुंकल्याचा आवाज आला,
मग पितळी गडव्यातून काहीतरी,
कोमट, खारट, मागून गोड.
एकेक घोट. थांब. आणखी एक.
पहाटेपर्यंत त्या उशाशी बसून
कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत राहिल्या.

उजाडल्यावर थरथरत्या हातानं रजिस्टर उघडलं.
काय होतं ते, बाई?
"मीठ, साखर, उकळेल पाणी.
आशाताईनं शिकवलं.
तिच्याजवळची पाकिटं सरली."
आणि कुडा?
मोहफुलातली काडी वेचून त्यांनी बाजूला टाकली.
"तुह्या पोटाची न् कुड्याची
वळख कुठं झाली अजून?
अन् रगत पडलं असतं,
तं गाडीत घालून देवलापारले नेलं असतं तुले.
माहा हात कुठवर पोचते, मले ठाऊक हाय.
हे लिव्ह."

लिहायला घेतलं.
सात रकान्यांत जागा सापडली नाही.
मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

आता कूलरच्या घरघरीत बसून
जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या सोडतोय.
कुड्याची डहाळी शहाण्यासारखी सपाट झाली आहे,
पानं, फुलं, देठ, सगळं.
मुरुडशेंग नाही.
पट्टे आवळले, वर दोन विटा ठेवल्या,
तिसऱ्या दिवशी बाजारभावाच्या पानातून
टोक वर.
सर म्हणाले, पाकिटात घाल आणि पाकीट चिकटव.
चिकटवलं. ते फुगलेलं दिसतं,
अख्ख्या गठ्ठ्यात तेवढंच.

मात्रेच्या रकान्यात मी लिहिलं : नखाएवढी.
समासात सरांची लाल शाई : कुणाच्या?

सोमवारी सांगतो म्हणालो.